ऊन, धूर आणि त्वचेचा कर्करोग : वाद कुठवर आला?

मे महिना आला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत परस्परविरोधी सल्ले एकाच पानावर छापून येतात. एका चौकटीत त्वचारोगतज्ज्ञ बजावतात की उन्हात फिरू नका, बाहेर पडण्याआधी सनस्क्रीन लावा, अतिनील किरणांनी त्वचेचा कर्करोग होतो. शेजारच्या चौकटीत हाडांचे डॉक्टर सांगतात की ड जीवनसत्त्व कमी पडते आहे, अंगावर ऊन घ्या. अलीकडे तिसरी चौकटही दिसू लागली आहे : शहरातल्या धुराने त्वचा लवकर म्हातारी होते, पुढे कर्करोगही होऊ शकतो, म्हणून अमुक फेसवॉश वापरा. फेसवॉश सोडला तर तिन्ही सल्ल्यांमागे संशोधन आहे. पण ते कोणत्या रंगाच्या त्वचेवर झाले, कोणत्या कर्करोगाबद्दल झाले आणि त्यातले किती सिद्ध झाले, हे त्या चौकटींत येत नाही.

आधी काजळी, मग ऊन

आज त्वचेचा कर्करोग म्हटले की ऊन आठवते. इतिहासात मात्र प्रदूषण आधी आले. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये नोंदवले की धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणाच्या पिशवीवर एक विशिष्ट व्रण होतो आणि त्याचे कारण कातडीच्या घड्यांत साचणारी काजळी आहे. ही माणसे अगदी लहानपणी या कामाला जुंपली जात आणि अरुंद धुराड्यांतून अंग खरचटत वर चढत. व्रण दिसायचा तो वयात आल्यावर. त्याला गुप्तरोग समजून पारा दिला जाई, हेही पॉट यांनी लिहून ठेवले आहे. शतकभराने, १८९२ मध्ये, हेन्री बटलिन यांनी हाच रोग युरोपच्या इतर देशांतल्या धुराडेवाल्यांत फारसा का दिसत नाही याचा शोध घेतला. अंग झाकणारे कपडे आणि नेमाने केलेली आंघोळ हे त्यांना सापडलेले उत्तर होते.

१९१५ मध्ये जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांवर महिनोन्महिने कोळशाचे डांबर चोळून कर्करोग निर्माण करून दाखवला. पुढे १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी त्या डांबरातून बेंझोपायरिन हे रसायन वेगळे काढले. ते आजही आपल्या अवतीभवती आहे : डिझेलच्या धुरात, पेटवलेल्या कचऱ्याच्या ढिगात, चुलीच्या काजळीत.

उन्हाकडे बोट वळले ते १८९० च्या दशकात. हॅम्बर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी खलाशांच्या रापलेल्या कातडीवरचे बदल आणि त्यातून होणारा कर्करोग वर्णिला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये बोर्दोच्या द्राक्षमळ्यांतल्या मजुरांबद्दल दुब्रय यांनी असेच लिहिले. १९२८ मध्ये फिंडले यांनी अतिनील दिव्याखाली ठेवलेल्या उंदरांना कर्करोग झाल्याचे दाखवले. ऑस्ट्रेलियात हेन्री लँकेस्टर यांनी १९५६ मध्ये मृत्यूंची आकडेवारी अक्षांशांनुसार मांडली. विषुववृत्ताकडे जावे तसे मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचे मृत्यू वाढत होते. अखेर १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना 'मानवात निश्चितपणे कर्करोगकारक' या पहिल्या गटात घातले.

गोऱ्या त्वचेवरचा भक्कम पुरावा

त्वचेचे मुख्य कर्करोग तीन आणि त्यांचे उन्हाशी नाते एकसारखे नाही. स्क्वॅमस सेल कर्करोग आयुष्यभर साचलेल्या उन्हाशी जुळतो, म्हणून तो शेतकरी, खलाशी, गवंडी यांच्यात जास्त. बेसल सेल कर्करोग सर्वांत जास्त आढळणारा; तो पसरून जीव घेतो असे क्वचितच घडते, पण नाक-डोळ्यांभोवतीची कातडी पोखरतो. मेलानोमा संख्येने कमी आणि सर्वांत घातक. त्याचा संबंध रोजच्या उन्हापेक्षा अधूनमधून भाजून निघण्याशी, विशेषतः लहानपणीच्या सोलवटलेल्या पाठीशी, जास्त जुळतो.

उन्हातल्या अतिनील किरणांपैकी सर्वांत तीव्र 'सी' किरण वातावरणात, मुख्यतः ओझोनच्या थरात, अडकतात. 'बी' किरण काही प्रमाणात जमिनीपर्यंत येतात, वरची कातडी भाजतात आणि डीएनएच्या साखळीतले शेजारचे दोन दुवे एकमेकांना चिकटवतात. पेशी हे बिघाड दुरुस्त करत असते. जे सुटतात ते एक ठराविक चूक मागे ठेवतात. १९९१ मध्ये स्क्वॅमस कर्करोगाच्या गाठींत, पी५३ या पेशीच्या रखवालदार जनुकात, नेमकी हीच चूक सापडली. दुरुस्तीच बंद पडली तर काय होते हे झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक आजारात दिसते. जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये त्या रुग्णांच्या पेशींत डीएनए दुरुस्तीचा अभाव दाखवला. या मुलांना शाळकरी वयातच चेहऱ्यावर कर्करोग होतो, मग त्वचा सावळी का असेना.

म्हणजे गाठ कशामुळे झाली याची साक्ष गाठीतच मिळू शकते. पुढच्या साऱ्या वादात हा मुद्दा कामाला येतो.

प्रतिबंधाचा सर्वांत चांगला पुरावा क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर गावचा. तिथे १९९२ ते १९९६ या काळात १,६२१ प्रौढांवर चाचणी झाली. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, उरलेल्यांना त्यांच्या मर्जीवर सोडले. स्क्वॅमस कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, बेसल सेलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. चाचणी संपल्यानंतर दहा वर्षांनी मेलानोमा मोजले तेव्हा रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात ११ आणि दुसऱ्यात २२ निघाले. 'सनस्क्रीनने मेलानोमा निम्मा होतो' हे वाक्य जगभर जाते ते या ३३ रुग्णांच्या बळावर. निष्कर्ष खोटा नाही, पण पायाची रुंदी लक्षात असलेली बरी.

त्यातच गिल्बर्ट वेल्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये वेगळी शंका उभी केली. अमेरिकेत १९७५ पासून मेलानोमाचे निदान सुमारे सहापट वाढले, मृत्युदर मात्र जवळपास होता तिथेच राहिला. त्यांच्या मते ही वाढ बहुतांशी तपासण्या वाढल्याने दिसणारी आहे आणि कधीच त्रास न देणारे डागही त्यात कर्करोग म्हणून मोजले जातात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की लवकर निदान आणि नवी औषधे यांमुळेच मृत्यू वाढले नाहीत. हा वाद मिटलेला नाही.

सावळ्या त्वचेचे गणित

ऑस्ट्रेलियात मेलानोमाचे प्रमाण दरवर्षी लाखामागे तीसच्या वर आहे, भारतात लाखामागे एकाच्याही खाली. ऊन आपल्याकडे कमी नाही. मुंबई-पुण्यात मे महिन्यात सूर्य बरोबर डोक्यावर येऊन शून्य सावलीचा दिवस येतो. फरक मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्याचा आहे. १९७९ च्या एका गाजलेल्या मोजमापात गोऱ्या बाह्यत्वचेतून 'बी' किरणांपैकी सुमारे २४ टक्के पार झाले, काळ्या बाह्यत्वचेतून सात टक्क्यांच्या आसपास. आपल्यातले बहुतेक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येतात.

आपल्याकडचा मेलानोमा उगवतो तो मुख्यतः तळपायावर, तळहातावर, नखाखाली. तळपायाला ऊन लागत नाही. अशा गाठींचे जनुकीय वाचन झाले तेव्हा त्यांत उन्हाची ती ठराविक चूक ठळकपणे आढळली नाही, गुणसूत्रांची मोडतोड मात्र मोठी दिसली. जपानमधल्या एका अभ्यासात हे मेलानोमा तळपायाच्या भार पेलणाऱ्या भागांवर एकवटलेले आढळले. सतत दाब आणि घासण्याचा यात हात असावा असा तर्क आहे, तो अजून तर्कच आहे. पण सनस्क्रीनने हा कर्करोग टळणार नाही, एवढे नक्की.

स्क्वॅमस कर्करोगाचीही आपली वेगळी कहाणी आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये 'धोतराचा कर्करोग' वर्णिला. वर्षानुवर्षे कमरेला करकचून बांधलेल्या धोतराच्या काचाखाली कातडी घट्टे पडून काळी होते, चिघळते आणि काहींना तिथेच कर्करोग होतो. काश्मीरमध्ये पोटाशी धरलेल्या कांगडीने, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगडीने, तसे होते. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या डॉक्टरांनी याच जातीचे दोन रुग्ण प्रसिद्ध केले. त्या दोघी वयस्क स्त्रिया होत्या. एक परकराची नाडी घट्ट बांधणारी, दुसरी परकराविना लुगडे कसून नेसणारी. स्टोव्हच्या भडक्यात किंवा चुलीवर भाजलेल्या जुन्या व्रणांत वीस-तीस वर्षांनी कर्करोग उमटतो, हेही आपल्या शल्यचिकित्सकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. यातल्या कशालाच ऊन कारण नाही.

मग इथे उन्हाची भीती बाळगायची किती? दोन मते आहेत. पहिले मत असे की कमी म्हणजे शून्य नव्हे. बेसल सेल कर्करोग भारतातही बहुतेक चेहऱ्यावरच, म्हणजे ऊन लागणाऱ्या जागी आणि उतारवयात होतो. आयुर्मान वाढते आहे तसे हे रुग्णही वाढतील. उघड्यावर राबणाऱ्यांची संख्या अफाट आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२३ च्या संयुक्त अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात १६० कोटी कामगार उन्हात काम करत होते आणि मेलानोमा वगळता त्वचेच्या इतर कर्करोगांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १९ हजार मृत्यू, त्यापोटी झाले. दुसऱ्या मताचे लोक विचारतात की या अंदाजामागचे धोक्याचे गुणोत्तर प्रामुख्याने कोणत्या वर्णाच्या कामगारांवरून आले? सावळ्या त्वचेवर नॅम्बोरसारखी एकही चाचणी झालेली नाही. वांग आणि काळवंडणे रोखायला सनस्क्रीनचा उपयोग होतो, पण तो कर्करोगाच्या नावाने विकू नये.

मला दुसऱ्या मताचे पारडे जड वाटते, एका दुरुस्तीसह. ऊसतोड, मिठागर, वीटभट्टी, मासेमारी, रस्त्याचे काम यांतली माणसे तीस-चाळीस वर्षे दिवसाचे आठ-दहा तास उन्हात असतात. इतक्या उन्हाचा हिशेब 'भारतीय त्वचा' या सरासरीत मांडता येत नाही. शेतावर जाणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते आणि पदर डोक्याभोवती लपेटून घेते, ते कोणत्याही पुरवणीत न वाचता. या कपड्यांनी कर्करोग किती टळला हे कुणी मोजलेले नाही, पण चांगल्या विणीचे कापड अतिनील किरण बऱ्यापैकी अडवते ही गोष्ट मोजलेली आहे. अल्बिनिझम असलेली माणसे मात्र या सगळ्या चर्चेबाहेर ठेवली पाहिजेत. त्यांना उन्हापासून काटेकोर संरक्षण हवेच.

धुराचा वाटा

प्रदूषण त्वचेपर्यंत तीन वाटांनी पोचते आणि तिन्हींच्या पुराव्याचे वजन वेगवेगळे आहे.

पहिली वाट थेट. काजळी, कोळशाचे डांबर, अशुद्ध खनिज तेले आणि आर्सेनिक यांच्याबद्दल वाद उरलेला नाही. आपल्या देशात यातला सर्वांत मोठा प्रश्न आर्सेनिकचा, आणि तो हवेतून नव्हे, हापशाच्या पाण्यातून येतो. कोलकात्याचे डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांमध्ये हे विष ओळखले. छाती-पाठीवर पावसाचे थेंब शिंपडल्यासारखे गडद-फिके ठिपके आणि तळहात-तळपायांवर कुरुपासारखे टणक खडे ही त्याची खूण. पुढे काहींना कपड्यांनी झाकलेल्या भागावर एकाच वेळी अनेक ठिकाणी कर्करोग होतो. उन्हाचा कर्करोग चेहरा-मान-हात धरतो, आर्सेनिकचा धडावर येतो. नुसत्या जागेवरून डॉक्टरला कारणाचा सुगावा लागू शकतो. तैवानमध्ये १९६८ साली चाळीस हजारांवर लोकांच्या पाहणीत विहिरीच्या पाण्यातले आर्सेनिक जितके जास्त, तितका त्वचेचा कर्करोग जास्त असे दिसले. महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या राजनांदगाव भागात कौरीकसा गावाच्या परिसरातही असे रुग्ण १९९९ मध्ये नोंदले गेले. तिथे कारण कारखान्याचे नसून खडकाचे आहे. पाणी बदलले तरी रोगाची टांगती तलवार लगेच जात नाही, कर्करोग दशकांनंतरही उमटतो.

दुसरी वाट उन्हाशी हातमिळवणीची. प्रयोगशाळेत बेंझोपायरिन लावलेल्या पेशींवर अतिनीलपैकी 'ए' प्रकारचे किरण सोडले की डीएनएची हानी दोन्हींच्या वेगवेगळ्या परिणामापेक्षा जास्त होते. न्यूयॉर्कच्या टोबी रॉसमन यांनी २००१ मध्ये दाखवले की आर्सेनिकचे पाणी पाजून अतिनील प्रकाशात ठेवलेल्या उंदरांना नुसत्या प्रकाशातल्या उंदरांच्या दुपटीहून जास्त गाठी झाल्या, आणि नुसते आर्सेनिक प्यायलेल्यांना झाल्याच नाहीत. चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस डोळ्यांसमोर आणावा : दुपारचे ऊन, सिग्नलला थांबलेल्या ट्रकचा धूर, घामावर बसलेली काजळी. प्रयोगात जे वेगवेगळ्या बाटल्यांतून येते ते त्याच्या मानेवर एकत्र असते. प्रश्न एवढाच की उंदरावरचे गणित त्याच्या त्वचेला लागू पडते का.

माणसांवरचा पुरावा इथे पातळ आहे. जर्मनीत रूर खोऱ्यातल्या वयस्क स्त्रियांच्या पाहणीत (२०१०) वाहनांच्या काजळीच्या सान्निध्यात राहणाऱ्यांच्या कपाळ-गालांवर डाग सुमारे २० टक्क्यांनी जास्त आढळले. पण डाग म्हणजे कर्करोग नव्हे. जर्मनीतल्याच सॅक्सनी राज्यात विम्याच्या नोंदींवरून केलेल्या २०१८ च्या अभ्यासात धूलिकण आणि मेलानोमाखेरीज इतर त्वचेचे कर्करोग यांचा संबंध दिसला, मात्र त्यातली माणसे उन्हात किती राहिली याची माहिती त्या नोंदींत नव्हती. २०१३ मध्ये बाहेरच्या हवेचे प्रदूषण पहिल्या गटातले कर्करोगकारक ठरले ते फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी; त्वचेचा त्यात समावेश नाही. उन्हाने गाठीत सोडलेल्या खुणेइतकी ठळक अशी धुराची खूण त्वचेच्या गाठींत अजून दाखवता आलेली नाही. संशय वाजवी, दोष असिद्ध, असा आजचा निकाल देता येईल.

तिसरी वाट उलटी आहे. धुरकट हवा त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे 'बी' किरण अडवते. दिल्लीत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रदूषित मोरी गेट भागातल्या ९ ते २४ महिन्यांच्या मुलांच्या रक्तात ड जीवनसत्त्वाचे प्रमाण त्या वेळच्या स्वच्छ गुडगावातल्या मुलांच्या निम्म्याहून कमी निघाले. म्हणून धुरके कर्करोगापासून वाचवते असा अर्थ काढायची घाई नको. 'ए' किरण त्यातून तुलनेने जास्त पार होतात. कातडी भाजत नाही म्हणून माणूस सावलीत जात नाही, आणि धूर आत जातोच.

ओझोनच्या थराची गोष्ट इथे थोडक्यात पुरे. मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये हा थर विरळ होण्याचा इशारा दिला, अंटार्क्टिकावरचे छिद्र १९८५ मध्ये जाहीर झाले, १९८७ मध्ये तो वाचवण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. पर्यावरणाबाबतच्या एका निर्णयाने त्वचेचे कोट्यवधी कर्करोग टळणार आहेत, आणि तो निर्णय सरकारांनी मिळून घेतला.

ड जीवनसत्त्व आणि सावलीचा हिशेब

ऊन टाळण्याचेही मोल द्यावे लागते, हे स्वीडनमधल्या सुमारे ३० हजार स्त्रियांच्या दीर्घ पाहणीने २०१४ मध्ये पुढे आणले. ऊन कटाक्षाने टाळणाऱ्यांत एकूण मृत्यू जास्त दिसले. टीकाकार म्हणतात की आजारी माणूस मुळातच कमी बाहेर पडतो. यावरही एकमत नाही. पण धोरण सरकले आहे. डोक्याला टोपी नसेल तर मुलांना मैदानावर न सोडणाऱ्या ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये नव्या मार्गदर्शनात सल्ल्याचे त्वचेच्या रंगानुसार वेगवेगळे गट केले. गडद त्वचेच्या लोकांनी रोज सनस्क्रीन लावण्याची गरज नाही, खूप वेळ बाहेर राहणार असाल तर काळजी घ्या, असा त्याचा सारांश. मेलबर्न-सिडनीच्या मराठी घरांना याचा थेट उपयोग आहे, आणि आपल्या पुरवण्यांनाही. उन्हाची वेळ निवडताना लक्षात ठेवावे की 'बी' किरण उष्म्यावर नव्हे तर सूर्याच्या उंचीवर ठरतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हा ते जोरात असतात.

मोजणीचा प्रश्न

मुंबईत १९६३ पासून कर्करोग नोंदणी चालू आहे, बार्शीत १९८७ पासून भारतातली पहिली ग्रामीण नोंदणी. या दोन्हींमुळे तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांबद्दल महाराष्ट्राला पुष्कळ कळले. त्वचेच्या बाबतीत नोंदणीची अडचण वेगळी आहे. बेसल सेलची छोटी गाठ दवाखान्यात भूल देऊन काढली जाते, पुष्कळदा तुकडा तपासणीला न पाठवताच, आणि तपासला नाही तो कर्करोग नोंदवहीत येत नाही. अमेरिकेत गरजेपेक्षा जास्त निदानाची चिंता आहे, आपल्याकडे उलटी. ऊन, धूर की घर्षण, कोणाचा वाटा किती, हा वाद भारतापुरता पुढे सरकायचा असेल तर उन्हात राबणाऱ्यांची त्वचा नियमित तपासली गेली पाहिजे आणि काढलेला प्रत्येक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेला पाहिजे.

तोवर वाचकाने एवढे करावे. महिना उलटूनही न भरणारी जखम, जुन्या भाजलेल्या व्रणात पडलेले नवे क्षत, कमरेच्या काचावरचे चिघळणे, तळपायावर वाढणारा काळा डाग, नखात रुंदावत जाणारी काळी रेघ, यातले काहीही घरात कुणाला दिसले तर मलमावर वेळ घालवू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि तुकडा तपासायला पाठवण्याबद्दल आपणहून विचारावे.